ल्यूक केलीचा सातबारा कुणाच्या नावावर?

३० जानेवारी २०१९ रोजी डब्लिनमध्ये एकाच गायकाच्या दोन पुतळ्यांचं अनावरण झालं. 'द डब्लिनर्स' या बँडचा लोकगायक ल्यूक केली, त्याला जाऊन त्या दिवशी ३५ वर्षं झाली होती. लिफी नदीच्या दक्षिणेला, गेइटी थिएटरजवळच्या साउथ किंग स्ट्रीटवर जॉन कोल यांनी घडवलेला ब्राँझचा केली बँजो घेऊन बसला. उत्तरेला, ज्या शेरिफ स्ट्रीटवर तो १९४० साली जन्मला तिथे, व्हेरा क्लूट यांनी घडवलेलं त्याचं संगमरवरी मस्तक उभं राहिलं. त्याचे केस तांब्याच्या तारांचे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी दोन्ही ठिकाणी पडदा बाजूला सारला आणि लगेच वाद सुरू झाला की यातला कुठला केली खरा वाटतो. मस्तकावर पुढे अनेकदा रंग फासला गेला, दर वेळी ते धुऊन काढलं गेलं आणि दर वेळी हळहळही व्यक्त झाली. हा वाद तसा निरुपद्रवी आहे. मला खटकतो तो त्याच्या आडून चाललेला दुसरा वाद, केली मुळात कुणाचा हा. तो इतक्या वाईट तऱ्हेनं घातला जातोय की ज्याच्यासाठी भांडायचं त्याची गाणी ऐकायला कुणाला सवडच नाही.

एक गट म्हणतो, केली म्हणजे आयरिश राष्ट्राचा आवाज. बंडाची गाणी त्याच्याइतकी कुणी म्हटली नाहीत, तेव्हा 'आयर्लंड आयरिश लोकांसाठी' म्हणणाऱ्यांचा त्याच्यावर पहिला हक्क. दुसरा गट सांगतो, तो कम्युनिस्ट होता, जगभरच्या कामगारांचा होता. ती बंडाची गाणी म्हणजे त्या काळच्या श्रोत्यांची फर्माईश. तिसरा गट जरा वरच्या पट्टीतला. त्याचं म्हणणं असं की ज्यानं स्वतःची म्हणावीत अशी गाणी जवळजवळ लिहिलीच नाहीत त्याचा वारसा तो कसला? 'द डब्लिनर्स' हा पबमधला दाढीवाल्यांचा कंपू होता, पर्यटकांना आवडला, संपलं. माझ्या मते तिघेही चुकतात, आणि तिघांचीही चूक एकाच जागी होते. केलीचा वारसा म्हणजे त्यानं निवडलेली गाणी आणि ती म्हणायची त्याची रीत: परक्याचं दुःख आपल्या गल्लीच्या बोलीत असं म्हणायचं की गल्लीला ते परकं वाटू नये. यातून बंडाची गाणी वजा केली तर केली उरत नाही, आणि नुसती तेवढीच ठेवली तरी उरत नाही.

या वादात पहिल्या गटाकडे झुकण्याचं आपल्याकडच्या वाचकाला एक जुनं कारण आहे. टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली ती २८ एप्रिल १९१६ रोजी; नाव आयर्लंडहून आलेलं, आणि त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव पेटलेला होता. तेव्हापासून आयर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्वराज्य आणि हौतात्म्य उभं राहतं. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसनं २००२ साली जगभरच्या श्रोत्यांची मतं घेतली तेव्हा पहिलं आलं आयर्लंडचं 'अ नेशन वन्स अगेन' आणि दुसरं आपलं 'वंदे मातरम्'. अशा मोजणीत गाण्याच्या गुणापेक्षा मतं गोळा करणाऱ्यांचा जोर जास्त दिसतो हे खरं, पण दोन देशांच्या कानांना काय ऐकायची सवय आहे तेही त्यातून कळतं. ते निवडून आलेलं ध्वनिमुद्रण 'वुल्फ टोन्स' या दुसऱ्या बँडचं होतं. डब्लिनर्सही हेच गाणं म्हणत, आणि केली ते मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून म्हणे.

म्हणूनच पहिल्या गटाची बाजू हलक्यानं घेऊ नये. केलीचे वडील लहानपणी ब्रिटिश सैनिकांच्या गोळीनं जखमी झाले होते, २६ जुलै १९१४ रोजी, डब्लिनमधल्या बॅचलर्स वॉकच्या गोळीबारात. ज्या घरात वडिलांच्या अंगावर साम्राज्याची खूण आहे त्या घरातला मुलगा ब्रिटिशांविरुद्धच्या १७९८च्या बंडाचं गाणं म्हणतो तेव्हा ती श्रोत्यांची फर्माईश नसते. याहून मोठा पुरावा आहे १९७०च्या 'रेव्होल्यूशन' या तबकडीवरचा. त्यात केली एक कविता म्हणतो, ती त्याचीच मानली जाते. वुल्फ टोन, रॉबर्ट एमेट हे हुतात्मे कशासाठी मेले, असं ती विचारते. एमेटनं १८०३ साली फाशीआधी न्यायालयात सांगितलं होतं की माझा देश राष्ट्रांच्या पंगतीत बसेपर्यंत माझ्या थडग्यावर काही कोरू नका. केली विचारतो, आपण आयर्लंड इतकं विकून टाकू की आपणच इथे परके होऊ, तेव्हा एमेटचा मृत्युलेख लिहायला जर्मन, फ्रेंच आणि डच येणार का? आज कुणी म्हणालं की पाहा, केलीसुद्धा परक्यांना विटला होता, तर ते हवेत बोलतात असं म्हणता येणार नाही. ओळ तिथे आहे.

पण कविता पूर्ण ऐकावी. तिचा राग येणाऱ्यांवर आहे की विकणाऱ्यांवर? मार्क आणि डॉलरसाठी जास्त बोली लावणाऱ्याच्या हाती देश देणारी बिनचेहऱ्याची माणसं हे तिचं लक्ष्य आहे. १९६०च्या दशकात युरोपातले धनिक आयर्लंडच्या किनाऱ्यावर जमिनी घेत होते, सरकार परकीय भांडवलाला पायघड्या घालत होतं, आणि युरोपीय सामायिक बाजारपेठेत शिरायची तयारी चालली होती. त्याच कवितेत केली मागतो ते काय, तर आयर्लंडच्या मुलांना आयर्लंडमध्येच काम मिळावं. ही तक्रार भांडवलाविरुद्धची आहे. ती उचलून निर्वासितांच्या वसतिगृहासमोर नेऊन वाचायची म्हणजे जमीन घेणारा आणि आसरा मागणारा या दोघांना एकाच दावणीला बांधणं. शेरिफ स्ट्रीटच्या भोवती पाहा. १९८७पासून तिथल्या गोदीत वित्तसंस्थांचं केंद्र उभं राहिलं, जुनी बैठी वस्ती आणि कामगारांचे ब्लॉक गेले, भाडी आभाळाला टेकली. शेजारच्याच ईस्ट वॉलमध्ये नोव्हेंबर २०२२मध्ये निदर्शनं झाली ती मात्र एका जुन्या कचेरीत उतरवलेल्या आश्रयार्थींविरुद्ध. मोहल्ल्याला विचारलं गेलं नाही, घरं नाहीत, डॉक्टर मिळत नाही या तिथल्या लोकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, त्या झटकून टाकणारे शहाणे मला मुळीच आवडत नाहीत. पण त्या तक्रारींचं उत्तर केलीच्या कवितेत शोधायचं तर बोट कचेऱ्यांच्या काचेच्या इमारतींकडे जातं. पुढे वर्षभरात, २३ नोव्हेंबर २०२३ रोजी, पार्नेल स्क्वेअरजवळच्या चाकूहल्ल्याचं निमित्त होऊन डब्लिनमध्ये स्थलांतरितांविरुद्ध दंगल उसळली, बसगाड्या जाळल्या गेल्या. तिथून शेरिफ स्ट्रीट चालत जाण्याइतकं जवळ आहे.

आणि शेरिफ स्ट्रीटवरचं ते मस्तक? व्हेरा क्लूट जन्मानं जर्मन. एमेटचा मृत्युलेख जर्मन कोरणार का, असं विचारणाऱ्याचा चेहरा जर्मनीहून आलेल्या बाईनं कोरला. केलीला यात अपमान वाटला असता की तो खदखदून हसला असता, यावर पैज लावायची तर मी कुठे लावीन हे सांगायला नको.

शुद्ध रक्ताच्या राष्ट्राची कल्पना आयरिश राष्ट्रवादाच्या इतिहासातही टिकत नाही. 'अ नेशन वन्स अगेन' लिहिणारा टॉमस डेव्हिस हा ब्रिटिश सैन्यातल्या एका वेल्श शल्यवैद्याचा मुलगा. वुल्फ टोन प्रॉटेस्टंट, आणि १७९६ साली बँट्रीच्या उपसागरात पोहोचला तो फ्रेंच जहाजांतून. १९१६च्या उठावातला समाजवादी नेता जेम्स कॉनली एडिंबरोत जन्मला, कामगारनेता जिम लार्किन लिव्हरपूलमध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला डी व्हॅलेरा न्यूयॉर्कमध्ये. 'इथे जन्मलेल्यांसाठीच' हा नियम १९१६ साली लावला असता तर फाशी-गोळीला नेतेच कमी पडले असते!

आता दुसऱ्या गटाकडे. त्यांची बाजू मला जवळची आहे, म्हणूनच त्यांची सफाई जास्त बोचते. केली डावा होता यात वाद नाही. १९५८ साली तो इंग्लंडला गेला, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये बांधकामावर लोखंडी सळ्या बांधायचं काम केलं, जास्त मजुरी मागितली म्हणून तिथून काढला गेला असं सांगतात. बर्मिंगहॅममध्ये तो यंग कम्युनिस्ट लीगमध्ये शिरला, ग्रीक साहित्याचे मार्क्सवादी अभ्यासक जॉर्ज टॉमसन यांच्या सहवासात आला, अण्वस्त्रविरोधी मोर्चांत चालला. पण आजचे प्रशंसक त्याला असा घासून-पुसून ठेवतात की तो एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या दिनदर्शिकेवर छापता यावा. त्याला कॉनलीची परंपरा ठाऊक होती आणि त्या परंपरेत राष्ट्र आणि वर्ग एकाच तोंडात नांदतात. 'रेव्होल्यूशन'ची यादीच पाहा. त्या कवितेच्या बरोबरीनं तिथे 'जो हिल' आहे, अमेरिकेत युटामध्ये १९१५ साली गोळ्या घातलेल्या कामगार गीतकाराचं गाणं. 'पीट बॉग सोल्जर्स' आहे, १९३३ साली ब्योर्गरमोरच्या नाझी छळछावणीत कैद्यांनी रचलेलं. हॅमिश हेंडरसन यांचं साम्राज्यविरोधी स्कॉट्स गीतही आहे. आणि त्यांच्या मधोमध आहे एका बापानं मतिमंद म्हणून हिणवल्या जाणाऱ्या आपल्या मुलासाठी लिहिलेलं गाणं, 'स्कॉर्न नॉट हिज सिम्प्लिसिटी'. गीतकार फिल कोल्टर यांचा पहिला मुलगा डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला, त्यातून ते आलं. ते कोल्टरच्या घरचं दुःख आहे म्हणून केली ते जाहीर कार्यक्रमांत सहसा म्हणत नसे. ज्याला राष्ट्र, कारखाना आणि छळछावणी यांच्या शेजारी एका मुलाला बसवावंसं वाटलं त्याची कुठलीही एक बाजू कापून काढणं म्हणजे ती तबकडीच मोडणं.

मग तिसरा प्रश्न: ही सगळी गाणी दुसऱ्यांची, यात केलीचं काय? प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. 'डर्टी ओल्ड टाऊन' इंग्लंडमधले लोकगायक इवन मॅकॉल यांचं, 'रॅग्लन रोड'चे शब्द आयरिश कवी पॅट्रिक कॅव्हना यांचे, डेरी शहरावरचं गाणं कोल्टर यांचं. बॉब डिलन आल्यापासून गायकानं स्वतःचं लिहायला हवं हा जणू कायदाच झाला आहे, आणि त्या कायद्यानं केली नापास. पण कायदा साठ वर्षांचा आहे आणि गाणं हजारो वर्षांचं. कॅव्हनाची कविता १९४६ साली छापली गेली. वीस वर्षं ती कागदावर होती. बेली नावाच्या पबमध्ये कॅव्हनानं केलीला ती म्हणायला सांगितली, असं केलीनंच सांगून ठेवलंय. चाल जुनी, 'फान्या गॅल अन ले' या पहाटेच्या गीताची. केलीनं तिच्यात काय घातलं? शेवटच्या कडव्याआधी तो श्वास घेतो आणि आवाज किंचित कोरडा होतो, तेवढ्यात कळतं की हा कवी स्वतःला फसवतोय, देवदूताच्या गोष्टी करतोय आणि खरं तर नाकारला गेलाय. छापील कवितेत ही लबाडी शोधावी लागते. आज आयर्लंडमध्ये ती कविता कुणाला पाठ असते ती केलीच्या थांब्यांसकट पाठ असते, डोळ्यांनी वाचतानासुद्धा माणूस त्याच्याच जागी थबकतो. याला निर्मिती म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवावा.

इथे एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि या वादात ती कुणी काढत नाही. केली ज्यांच्याकडे शिकला त्या मॅकॉल आणि पेगी सीगर यांच्या लंडनच्या क्लबात एक शिस्त होती: गायकानं आपल्याच देशाची, आपल्याच बोलीची गाणी म्हणायची. हेतू चांगला होता. इंग्लंडची पोरं खोट्या अमेरिकी उच्चारात गुलामांची आणि रेल्वे-मजुरांची गाणी म्हणत सुटली होती, त्यांना घरच्या गाण्यांकडे वळवायचं होतं. (मॅकॉल स्वतः सॉल्फर्डमध्ये जिमी मिलर म्हणून जन्मले आणि आईबापांच्या नात्यानं स्कॉटिश गाणी म्हणत, ही गंमत वेगळी.) केली १९६२ साली डब्लिनला परतला तेव्हा तिथेही तेच चाललं होतं; नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणारे शोबँडवाले शेतकऱ्यांची मुलं, पण माइकसमोर उभी राहिली की टेनेसीची होत. केलीनं शिस्तीतला अर्धा भाग घेतला आणि अर्धा मोडला. उच्चार त्यानं शेरिफ स्ट्रीटचाच ठेवला, एक अक्षर मऊ केलं नाही. गाणी मात्र जिथून मिळतील तिथून घेतली. सॉल्फर्डच्या गॅसच्या कारखान्यावरचं 'डर्टी ओल्ड टाऊन' त्यानं असं म्हटलं की आज डब्लिनच्या अर्ध्या पबांना ते डब्लिनचंच वाटतं. नोव्हा स्कोशियातल्या स्प्रिंगहिलच्या खाणीत १९५८ साली गाडल्या गेलेल्या कामगारांचं गाणं, हेरिंग पकडणाऱ्या इंग्लिश कोळ्यांचं गाणं, आणि मॅकॉल यांचंच भटक्यांचं गाणं. हे शेवटचं नीट ऐकावं. आयर्लंडमधल्या ट्रॅव्हलर या भटक्या जमातीला त्या काळी सरकार 'समस्या' म्हणत होतं, १९६३चा सरकारी अहवाल त्यांना घरांत कोंबून विरघळवायचे उपाय सुचवत होता. त्या काळात डब्लिनचा एक माणूस मंचावर उभा राहून 'मी'च्या मुखानं भटक्याचं गाणं म्हणतो. राज्यानं त्यांना वेगळा वांशिक समूह म्हणून मान्यता दिली ती १ मार्च २०१७ रोजी.

आणि हे त्याला सुचलं कशामुळे? तो स्वतः स्थलांतरित होता. १९५०च्या दशकात सुमारे ४ लाख माणसं आयर्लंड सोडून गेली. १९६१च्या जनगणनेत देश २८ लाखांवर आला. इंग्लंडच्या बांधकामांवर, भाड्याच्या खोल्यांत, दारावर 'आयरिश नको'च्या पाट्या वाचत त्यानं दिवस काढले आणि त्या शहरांतल्या क्लबांत तो गायक झाला. बँड उभा राहिला डब्लिनच्या ओ'डोनोह्यूज पबमध्ये, पण त्याचं नाव केलीनं सुचवलं ते तेव्हा वाचत असलेल्या जेम्स जॉइसच्या पुस्तकावरून, आणि त्या पुस्तकाचा बराचसा भाग जॉइसनं एड्रियाटिकच्या काठी बसून लिहिला. डब्लिनचा सर्वांत डब्लिनी आवाज बर्मिंगहॅममध्ये पिकला यात विसंगती काहीच नाही. बाहेर राहिल्यावरच आपली बोली कानाला कळते.

राहता राहिला एक आक्षेप, जो या तिन्ही गटांबाहेरचा आहे आणि ज्याचं पूर्ण उत्तर मला देता येत नाही. परंपरेचे जाणकार म्हणतात की बँजो-गिटारवर कथागीतं म्हणण्याच्या या बॅलड-लाटेनं खरं जुनं गाणं बुडवलं. आयरिश भाषेतलं शॉन-नोस, एकट्या गळ्याचं, साथीशिवायचं, दर कडव्याला नवा मुरका घेणारं गाणं पबच्या गोंगाटात चालेना. त्याचा थोर गायक जो हीनी, गॅल्वेच्या कार्ना भागातला. १९६७ साली डब्लिनर्सना इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर नेणारं 'सेव्हन ड्रंकन नाइट्स' त्यांना मिळालं ते हीनीकडूनच. आयरिश आकाशवाणीनं ते अश्लील म्हणून बंद केलं, समुद्रातल्या चोरट्या रेडिओ कॅरोलाइननं वाजवत ठेवलं, डब्लिनर्स घराघरांत पोहोचले. हीनी न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीचा द्वारपाल होता. अमेरिकेनं त्याला १९८२ साली राष्ट्रीय सन्मान दिला, विद्यापीठांनी शिकवायला बोलावलं, आणि १ मे १९८४ रोजी तो सिॲटलमध्ये वारला. केली त्याच वर्षी ३० जानेवारीला डब्लिनमध्ये गेला, मेंदूतल्या गाठीनं, ४३व्या वर्षी.

केलीमुळे हीनी बुडाला असं मी म्हणणार नाही. शॉन-नोस आटलं ते आयरिश बोलणारी गावं रिकामी झाली म्हणून, आणि ती रिकामी केली दारिद्र्यानं. उलट केलीच्या आवाजानं तयार झालेल्या कानांनीच पुढे जुन्याचा शोध घेतला. आजच्या लँकम या डब्लिनच्या बँडमध्ये रॅडी पीट चिरक्या, न सजवलेल्या आवाजात जुनी बॅलडं म्हणते तेव्हा केलीचा कोरडेपणा आणि हीनीचा एकटेपणा दोन्ही ऐकू येतात. तरीही एकाला जन्मगावात दोन पुतळे आणि दुसऱ्याला परदेशात दाराची राखण, हा हिशेब कुठल्याही युक्तिवादानं जुळत नाही, आणि केलीच्या चाहत्यांनी तो जुळवायचा खटाटोपही करू नये. डब्लिन महापालिकेनं केलीच्या पुतळ्याचा ठराव केला २००४ साली, पुतळे उभे राहिले पंधरा वर्षांनी. मेरियन स्क्वेअरमध्ये १९८७ साली सुरू झालेलं पारंपरिक संगीताचं संग्रहालय आहे, तिथे हीनीच्या पिढीची ध्वनिमुद्रणं जपून ठेवली आहेत. पुढच्या वेळी गायकाच्या नावानं पैसे काढायचे झाले तर ते तिथे द्यावेत, आणि त्यातली गाणी शेरिफ स्ट्रीट आणि ईस्ट वॉलच्या शाळांत शिकवावीत, आज त्या वर्गांत ज्या ज्या देशांची मुलं बसतात त्या सगळ्यांना. मस्तकावर रंग कोण फासतो त्याचा शोध पोलिसांनी घ्यावा.